कागद वळतो, त्यात तुमचा काय दोष?

ताई, नमस्कार. माझं वय ५६. दीड वर्षापूर्वी आर्ट जर्नलिंगचा, म्हणजे वहीत रंगवण्या-चिकटवण्या-लिहिण्याचा नाद लागला. व्हिडिओ बघून तीन वह्या आणल्या, तिन्हींत चार-सहा पानं झाली आणि गाडी अडली. रंग लावला की पान वळतं. चिकटवलेल्या कागदाला सुरकुत्या येतात. एकदा दोन रंगवलेली पानं एकमेकांना अशी बसली की सोडवताना फाटली. एक वही तर इतकी फुगलीय की मिटतच नाही. दुसरं म्हणजे, माझ्याकडे खणभर हातकागद आहे, वर्षानुवर्षं जमवलेला, कुणी कुणी दिलेला. मी तो काढते, हात फिरवते आणि पुन्हा ठेवून देते. कात्री लावायचा धीर होत नाही. धाकटी बहीण म्हणाली, ‘या वयात हे बालवाडीचं कातरकाम कशाला?’ ते फार लागलं. शिवाय कधी कधी वहीत असं काही लिहावंसं वाटतं, जे घरात कुणी वाचू नये. माझ्या हातात कला नाही, हे आता मान्य करून टाकू का? – कागदवेडी

प्रिय कागदवेडी,

मान्य करू नका. निदान एवढ्या पुराव्यावर तरी नकोच.

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. चित्र जमत नाही, रंग एकमेकांना खातात, काय काढावं ते सुचत नाही, यातली एकही तक्रार त्यात नाही. ज्या आहेत त्या सगळ्या कागदाच्या. तो वळला, फुगला, सुरकुतला, चिकटला. कागदाचे गुन्हे तुम्ही स्वतःच्या हाताच्या नावावर लिहून घेतलेत. मीही पहिली काही वर्षं हेच करत होते. एकदा मोठ्या हौसेनं एक अल्बम बांधला, पुठ्ठ्यांवर सुरेख छापाचा कागद चढवला, आणि सकाळी बघते तर दोन्ही पुठ्ठे होडीसारखे वाकलेले. वाटलं, आपला हातच वाकडा. खरं कारण एवढंच की मी पुठ्ठ्याच्या बाहेरच्या बाजूला खळ लावलेला ओला कागद चढवला होता आणि आतली बाजू तशीच सोडली होती. ओला कागद ताणला जातो, वाळताना आक्रसतो, आणि आक्रसताना पुठ्ठ्याला आपल्याकडे ओढतो. आतूनही तसाच एक कागद लावला असता तर ओढ दोन्हीकडून सारखी पडली असती आणि पुठ्ठा सरळ राहिला असता.

म्हणून आधी कागदाशी ओळख करून घेऊ. खणाकडे नंतर येते.

आजच एक करून बघा. तुमच्या फसलेल्या वहीतून एक कोरं पान काढा आणि त्यातून तळहाताएवढा चौकोन कापा. वहीच्या शिवणीकडची बाजू कोणती होती तिथे पेन्सिलीनं बारीक रेघ मारा. एका पसरट ताटलीत पाणी घ्या आणि चौकोन अलगद पाण्यावर सोडा, बुडवू नका. क्षणभर काही होणार नाही. मग समोरासमोरच्या दोन कडा हलकेच पाण्यावरून उठतील, चौकोन मधून खोलगट होईल, आणि बघता बघता त्याची नळी व्हायला लागेल. उरलेल्या दोन कडा मात्र स्वतःहून उठणार नाहीत. नळी ज्या दिशेनं लांब पडली असेल, ती तुमच्या कागदाच्या तंतूंची दिशा. बांधणीवाले तिला ग्रेन म्हणतात.

कागद म्हणजे वनस्पतीच्या तंतूंचं एकमेकांत गुंतलेलं जाळं. यंत्रावर तो तयार होतो तेव्हा पाण्यात कालवलेला लगदा धावत्या जाळीवर पडतो आणि बरेचसे तंतू जाळी जिकडे धावते तिकडे तोंड करून बसतात. अशा यंत्राचं पहिलं पेटंट निकोला-लुई रोबेर यांनी १७९९ साली फ्रान्समध्ये घेतलं, आणि तेव्हापासून यंत्राच्या कागदाला ही दिशा चिकटलेली आहे. तंतू ओला झाला की तो जाडीत फुगतो, लांबीत जवळजवळ नाहीच. त्यामुळे अख्खा कागदही ग्रेनला आडवा वाढतो. पाण्यावर सोडलेल्या चौकोनाची फक्त खालची बाजू भिजून वाढली, वरची कोरडी बाजू तेवढीच राहिली, म्हणून तो वर वळला. रंगवलेल्या पानाचंही हेच होतं, फक्त तिथे पाणी वरून येतं आणि कडा खाली जातात.

आता पेन्सिलीची रेघ बघा. नळी त्या रेघेला समांतर पडली असेल तर वही नीट बांधलेली आहे. आडवी पडली असेल, तर तुमचं पान ओलं झाल्यावर शिवणीच्याच दिशेनं वाढायला बघत होतं, आणि शिवणीनं तर त्याला धरून ठेवलेलं. जागा मिळाली नाही की कागद लाटा काढतो. तिथे तुमच्याऐवजी कुणी नामवंत चित्रकार असता तरी लाटा आल्याच असत्या. पुढच्या वेळी वही घेताना एक पान दोन्ही दिशांनी हलकंसं वाकवून बघा, घडी पाडायची नाही. शिवणीला समांतर गोलाई सहज आली पाहिजे. वर्तमानपत्र फाडताना रकान्याच्या दिशेनं सरळ फाटतं आणि आडवं फाडलं की वेडंवाकडं जातं, हे तुम्ही पाहिलं असेलच. त्यातही ग्रेनच.

मग जाडी. वहीवर जीएसएम लिहिलेलं असतं, म्हणजे एक चौरस मीटर कागदाचं ग्रॅममध्ये वजन. ए-फोर आकाराचे १६ कागद मिळून जवळपास एक चौरस मीटर होतो. म्हणजे ८० जीएसएमचा एक ए-फोर कागद ५ ग्रॅमचा आणि ३०० जीएसएमचा साधारण १९ ग्रॅमचा. हे दोन कागद हातात घेतले की आकडे विसरून जाल, बोटांनाच कळेल. भरपूर पाण्याचे जलरंग वापरायचे असतील तर ३०० लागतो. थोडा रंग, थोडी चिकटवाचिकटवी, थोडं लिहिणं असं असेल तर १५० ते २०० पुरतो. तुमच्या वह्या पातळ असतील (बहुधा आहेत) तर त्या फेकू नका. दोन-दोन पानं एकमेकांना चिकटवून एक करा. पान जाड होईल आणि वहीतली पानं निम्मी होतील. फुगण्यावरचा अर्धा उपायही त्यातच आला.

सुरकुत्यांकडे वळते, कारण खरा घोळ तिथेच असतो.

कागदाला ओला गोंद लागला की तो वाढायला लागतो, आणि वाढून संपायला त्याला थोडा वेळ हवा असतो. आपण घाई करतो. गोंद लावला की लगेच पानावर दाबतो. मग तो पानावर बसल्यावर वाढतो, आणि जिथे जागा नसते तिथे सुरकुती काढतो. म्हणून खळ लावल्यावर कागद मिनिटभर तसाच पडू द्या. आधी तो आखडून वळेल, मग हळूहळू ढिला पडून सपाट होईल. ढिला पडला की उचला, मधून टेकवा आणि मधूनच कडांकडे हात फिरवत न्या. थेट बोटांनी नाही. वर बटर पेपर ठेवून त्यावरून बोन फोल्डरनं (घडी दाबायची गुळगुळीत, चपटी पट्टी), तो नसेल तर जाड प्लास्टिकच्या पट्टीच्या गुळगुळीत कडेनं. आणि जो कागद चिकटवताय त्याचा ग्रेन पानाच्या ग्रेनला समांतर ठेवा, म्हणजे दोघं एकाच दिशेनं वाढतील आणि एकाच दिशेनं आक्रसतील.

गोंद कोणता? पांढरा पीव्हीए गोंद पटकन धरतो आणि एकदा वाळला की पाण्यानं सुटत नाही. तुमच्यासारख्या नवख्या हाताला तो फार घाई करायला लावतो. मला मैद्याची खळच आवडते. एक भाग मैदा, पाच भाग पाणी, गुठळी मोडून मंद आचेवर ढवळत राहायचं. पांढुरका रंग जाऊन ती काचेसारखी दिसू लागली आणि चमच्याला धरू लागली की उतरवायची. थंड झाली की गाळून घ्यायची. खळीवर कागद सरकवता येतो, चुकलं तर उचलून पुन्हा ठेवता येतो, आणि वर्षांनी कुणाला सोडवावासा वाटला तर पाण्यानं सुटतो. तोटा एवढाच की ती टिकत नाही. फ्रीजमध्ये काही दिवस, नंतर आंबूस वास आला की टाकून द्यायची. घाईच्या कामाला खळ आणि पांढरा गोंद निम्मा-निम्मा मिसळते मी. फोटो किंवा टिश्यूसारख्या झिरझिरीत कागदाला मात्र दोन्ही बाजूंनी चिकटणारी टेप किंवा गोंदाची कांडी बरी. तिथे पाणी नकोच.

चिकटवून झालं की पानाच्या दोन्ही बाजूंना बटर पेपर, त्याबाहेर टिपकागद, आणि वर जाडजूड पुस्तकांची चळत. अर्ध्या तासानं टिपकागद बदला आणि रात्रभर हात लावू नका. हा रात्रभराचा भाग व्हिडिओत कधीच नसतो. तिथे चिकटवलं आणि पुढच्या क्षणाला पान सपाट! मधले आठ-दहा तास कात्रीनं कापलेले असतात, आणि आपण घरी बसून आपल्या पानाची तुलना त्या पानाशी करतो.

दोन पानं चिकटून फाटली, ते ॲक्रिलिकचं काम. ॲक्रिलिक रंग म्हणजे शेवटी प्लास्टिकचाच पापुद्रा. हाताला वाळल्यासारखा लागला तरी उष्णतेत आणि दाबाखाली किंचित चिकट राहतो. दोन रंगवलेली पानं समोरासमोर, वर इतर वह्यांचं वजन, त्यात उकाडा असेल तर ती एकमेकांना धरणारच. रंगवलेल्या पानांच्या मध्ये बटर पेपर ठेवत जा. तो आवडत नसेल तर पूर्ण वाळलेल्या रंगावर मधमाशीच्या मेणाचा अगदी पातळ हात देऊन कोरड्या कापडानं घासून घ्या. मेणावर नंतर पेन चालत नाही, म्हणून लिहायचं ते आधी लिहून घ्या. यापुढे पानं चिकटलीच तर ओढाताण नको. तिन्ही कडा बंद करून वरून उघडी ठेवा, छान खिसा होतो. माझ्या एका वहीतले तीनही खिसे असेच अपघातानं झालेले आहेत, आणि लोक विचारतात की ही कल्पना कुठून सुचली. मी मख्खपणे हसते.

फुगलेली वही कण्यामुळे फुगते. पानांमध्ये भर पडली, पण शिवणीकडची जाडी तेवढीच राहिली, म्हणून ती पंख्यासारखी उघडते. दर तिसरं-चौथं पान कापून टाका, पण मुळापासून नाही. मुळापासून कापलं तर शिवणीपलीकडचं त्याचं जोडीदार पान सुटून येईल. शिवणीकडे दीड-दोन सेंटीमीटरची पट्टी ठेवा. ही पट्टी कण्याला जाडी देते आणि तिला नवं पान चिकटवायलाही उपयोग होतो. नवीन वही सुरू करताना हे आधीच करून ठेवलं तर उत्तम.

जाता जाता एक सांगते, तुम्ही विचारलं नसलं तरी. तिकिटं आणि पावत्या चिकटवत असाल तर त्या थर्मल कागदावर छापलेल्या आहेत का बघा. नखानं जोरात घासल्यावर काळी रेघ उमटली तर थर्मल. त्यावर शाई नसतेच, उष्णतेनं काळं होणारं रसायन असतं, आणि गोंदानं, टेपनं, नुसत्या काळानंही अक्षरं उडून जातात. प्रवासाची आठवण म्हणून जपलेल्या माझ्या वहीत आता काही कोऱ्या पांढऱ्या पट्ट्या आहेत. आधी झेरॉक्स काढा आणि झेरॉक्स चिकटवा. लॅमिनेट तर मुळीच करू नका, अख्खं तिकीट काळं होतं. वर्तमानपत्राच्या कात्रणांचंही तेच. लाकूड दळून केलेल्या त्या कागदात लिग्निन हे लाकडातलं द्रव्य राहिलेलं असतं, उजेड-हवेनं ते पिवळं पडतं आणि शेजारच्या पानावरही डाग सोडतं. पिवळेपणा आवडत असेल तर गोष्ट वेगळी. मला आवडतो.

आता तो खण.

तुम्ही लिहिलंत, काढते, हात फिरवते, ठेवून देते. मला त्यात काही वावगं वाटत नाही, कागदावर हात फिरवणं हाही छंदच आहे. पण तुम्हाला ते डाचतंय म्हणून सांगते. सगळ्यात सुंदर कागदाला कात्री लावून सुरुवात करायची ही अट कुणी घातली? तुम्ही त्या खणाची एक वही करा. एकेक कागद काढा आणि प्रत्येकाच्या एका कोपऱ्यातून ५ सेंटीमीटरचा चौकोन कापा. सगळ्यांचा, एकही वगळायचा नाही, तो सोनेरी वर्खाचाही नाही. चौकोन पानावर चिकटवा आणि शेजारी लिहा: कुणी दिला, कधी, हाताला कसा लागतो, उजेडासमोर धरला तर काय दिसतं, फाडताना आवाज कसा येतो. एका पानावर चार चौकोन. चाळीस कागद असतील तर दहा पानं भरली. ही तुमची पहिली पुरी झालेली वही असेल. आणि त्यातली खोच तुमच्या लक्षात आली असेलच. त्या दिवशी संध्याकाळी खणातला प्रत्येक कागद कापलेला असेल. अखंड असं काही उरलेलंच नसेल, मग जपायचं काय?

कापताना दोन गोष्टी बघा. हातकागदाच्या चारही कडा दातेरी, विरळ असतात. साच्याच्या चौकटीखाली लगदा झिरपतो त्यानं त्या तशा होतात. त्या छाटून सरळ करू नका. पानावर ती कड दिसली पाहिजे. चौकोन घेताना दोन बाजू नैसर्गिक आणि दोन कापलेल्या आल्या तर बहारच. आणि लांब तंतूंचा कागद असेल, म्हणजे हलका, कापडासारखा, जोर लावला तरी चटकन न फाटणारा, तर त्याला कात्री लावूच नका. बारीक ब्रशनं पाण्याची रेघ ओढा, भिजू द्या, आणि दोन्हीकडून हळू ओढा. तंतू तुटत नाहीत, एकमेकांतून निसटतात आणि कडेला रेशमासारखी लव राहते. जपानी कारागीर याला कुइसाकी म्हणतात. तुतीच्या कुळातल्या कोझो झाडाच्या सालीचे तंतू सुमारे १० मिलिमीटर लांब असतात, नेहमीच्या छपाईच्या कागदात असणारे रुंदपर्णी लाकडाचे तंतू साधारण एकच मिलिमीटर. म्हणून ही लव यंत्राच्या कागदाला येत नाही. अशी कड पानावर चिकटवली की जोड कुठे आहे ते बोटालाही कळत नाही.

आणि हो, हातकागद करताना साचा दोन्ही दिशांनी हलवतात, त्यामुळे तंतू सगळीकडे तोंड करून बसतात. ग्रेन जवळजवळ नसतो. तो तरंगणारा चौकोन हातकागदाचा घेऊन बघा, कुठल्या बाजूनं वळावं ते त्याला ठरवताच येत नाही. म्हणजे ज्या कागदाला तुम्ही सगळ्यात जास्त घाबरता तोच तुम्हाला सगळ्यात कमी त्रास देणार आहे.

बहिणीचं बोलणं. ते लागलं, कारण ‘या वयात’ हे दोन शब्द. तुम्हाला मेरी डिलेनी या बाईंबद्दल सांगते. जन्म १७०० साली, इंग्लंडमध्ये. दोनदा विधवा झालेल्या, दुसऱ्या नवऱ्याला जाऊन चार वर्षं झालेली. १७७२ च्या सुमारास, वयाच्या ७२ व्या वर्षी, मैत्रिणीकडे राहायला असताना त्यांना जिरेनियमच्या पाकळीच्याच रंगाचा एक कागदाचा तुकडा दिसला. त्यांनी कात्री घेऊन त्यातून पाकळ्या कापल्या आणि काळ्या कागदावर मांडल्या. मैत्रीण आत आली आणि खऱ्या फुलाच्या पाकळ्या समजून फसली, असं सांगतात. पुढच्या दहा वर्षांत त्यांनी अशी ९८५ फुलझाडं कागदात उभी केली. एकेका झाडात शेकडो तुकडे, पुंकेसरांपर्यंत. त्यासाठीचे बरेचसे कागद त्या स्वतःच रंगवून घेत. १७८२ मध्ये नजर साथ देईना तेव्हा थांबल्या. ती सगळी चित्रं आज ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत आणि वनस्पतिशास्त्राचे अभ्यासकही ती बघायला येतात. कातरकामच आहे ते. कात्री, कागद आणि खळ, मुख्यतः एवढंच.

हे बहिणीला ऐकवू नका, वाद होईल. त्यापेक्षा तिला समोर बसवून पाच कागदांच्या घड्या घालायला लावा. सांगते कशासाठी.

तुमची पुढची वही तुम्हीच शिवा. विकतच्या देखण्या वहीत चूक करायची भीती वाटते, पाच कागद दुमडून केलेल्या वहीत वाटत नाही. पाच कागद घ्या, ग्रेन घडीला समांतर येईल असे. एकेक मधोमध दुमडा, घडीवर बोन फोल्डर फिरवा, आणि एकात एक घाला. बाहेरून जरा जाड कागदाचं कव्हर. आतल्या घडीवर तीन खुणा करा, एक मध्यावर आणि वर-खाली एकेक, आणि दाभणानं भोकं पाडा. दोरा वहीच्या उंचीच्या तिप्पट, मेण लावलेला. आतून मधल्या भोकातून बाहेर या. बाहेरून वरच्या भोकातून आत. आतल्या आत मधलं भोक ओलांडून थेट खालच्या भोकातून बाहेर. आणि बाहेरून पुन्हा मधल्या भोकातून आत. आता दोऱ्याची दोन टोकं आत आली, मधल्या लांब टाक्याच्या दोन बाजूंना ती ठेवा आणि त्या टाक्यावरून गाठ मारा. दोरा ओढताना कण्याच्या दिशेनं ओढा, काटकोनात ओढला तर भोक फाटतं. पहिल्या वेळी अर्धा तास लागेल, तिसऱ्या वेळी दहा मिनिटं. दहा पानांची, म्हणजे वीस पृष्ठांची वही. बिघडली तर बिघडली.

खासगी लिहिण्याचं सोपं आहे. लिहा, पान काटकोनात फिरवा आणि त्याच ओळींवर आडवं पुन्हा लिहा. एकोणिसाव्या शतकात कागद आणि टपालखर्च वाचवायला लोक अशी पत्रं लिहीत आणि वाचणारा सरावानं वाचायचा. तुम्ही तिसऱ्यांदा तिरकं लिहा, मग कुणालाच वाचता येणार नाही आणि पानावर सुंदर विणकाम दिसेल. त्यावर जेसोचा, म्हणजे रंगाआधी लावायच्या पांढऱ्या अस्तराचा, पातळ हात दिलात की नुसती सावली उरते. त्याहून गुप्त काही असेल तर मघाच्या खिशात घालून तोंड शिवून टाका.

उरली ती फाटलेली पानं. ज्यांवर ॲक्रिलिक आहे ती बाजूला काढा, प्लास्टिकचा लगदा होत नाही. बाकीची बोटभर तुकड्यांत फाडा, रात्रभर भिजवा आणि भरपूर पाण्यात मिक्सरमधून थोडं थोडं फिरवा. फार फिरवू नका, तंतू तोकडे होतात. त्यात सुती कापडाच्या चिंध्यांतले काही धागे बारीक कातरून घातलेत तर ते पोतात छान दिसतात. दोन सारख्या चौकटी घ्या, एकीवर बारीक जाळी ताणून बसवा. पसरट टबात पाणी आणि लगदा कालवा, चौकटी एकावर एक धरून तिरक्या आत घाला, आत आडव्या करा आणि सरळ वर उचला. पाणी निथळताना हलकासा हिसका, एकदा पुढे-मागे, एकदा डावी-उजवीकडे. मग वरची चौकट काढा आणि जाळी ओल्या सुती कापडावर उलटी टेकवून उचला. कागद कापडावर राहील. वरून दुसरं कापड, वजन, आणि वाळवण. गोंद लागत नाही, वाळताना तंतू आपसूकच एकमेकांना धरतात. पहिले दोन-तीन कागद जाळीवरच राहतील किंवा मधून फाटतील, त्यांना पुन्हा टबात घाला. या कागदावर शाई पसरेल. लिहायचं असेल तर वाळल्यावर पातळ जिलेटिनचा एक हात द्या. आणि टबातलं पाणी मोरीत ओतू नका, लगदा पाइपात बसला की काय होतं ते मी एकदा अनुभवलंय. गाळून घ्या आणि गाळ पुढच्या वेळेसाठी ठेवा.

हे सगळं एका आठवड्यात करायला जाऊ नका. आधी ताटलीत पाणी घ्या. तुमच्या तीन वह्यांपैकी कितींचा ग्रेन आडवा निघाला ते मला जरूर कळवा. माझा अंदाज दोन.